प्लांटमधल्या लोकांसाठी इंग्लिशचा कोर्स : शिकवणं भारी, ॲप भंगार

पाचपैकी साडेतीन स्टार. शिकवणाऱ्या मॅडमना पाचपैकी पाच, त्यांच्या ऑफिसला दोन, आणि ते जे ॲप गळ्यात मारतात त्याला शून्य द्यायची सोय असती तर शून्य दिला असता. संस्थेचं नाव टाकत नाहीये, आमच्या कंपनीची पॉलिसी आहे की बाहेर व्हेंडरची नावं लिहायची नाहीत. आणि तसंही नावापेक्षा काय बघून घ्यायचं ते कळलं तर जास्त उपयोग होईल, कारण अंधेरीपासून ठाण्यापर्यंत असे कोर्स विकणारे गल्लोगल्ली आहेत आणि सगळ्यांच्या ब्रोशरवर तोच एक टायवाला माणूस हसत असतो.

मी अंधेरी ईस्टला एका औषधाच्या प्लांटमध्ये क्यूएला, म्हणजे क्वालिटी ॲश्युरन्सला आहे, ट्रेनिंगचं सगळं माझ्याकडे. आमच्याकडे गोळ्या-कॅप्सूल बनतात, पॅक होतात, बराच माल एक्सपोर्टला जातो, म्हणून बाहेरच्या देशांचे ऑडिटर येतात. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ऑडिटर काही फक्त कॉन्फरन्स रूममध्ये बसून काजू-बदाम खात फाइली बघत नाही. तो फ्लोअरवर येतो आणि मशीनवर उभ्या असलेल्या माणसाला सरळ विचारतो, आत्ता काय करतोयस, हा चेक किती वेळाने करतोस, लिहितोस कुठे, मशीन बंद पडलं तर कोणाला सांगतोस. आणि आमची माणसं, ज्यांनी आयुष्य ब्लिस्टर मशीनवर, म्हणजे गोळ्यांची पाकिटं सील करणाऱ्या मशीनवर काढलंय, जी नुसत्या आवाजावरून सांगतील की सीलिंगमध्ये काहीतरी गडबड आहे, ती तिथे एकदम गप्प. गप्प बसलं की समोरच्याला वाटतं याला ट्रेनिंगच दिलेलं नाही किंवा काहीतरी लपवतोय. त्याहून डेंजर म्हणजे घाबरून नुसतं येस सर येस सर. एका ऑपरेटरला विचारलं होतं की तू हा चेक कधी गाळतोस का, तर त्याला पण तो येस सर म्हणाला. बिचारा कधीच गाळत नाही, रेकॉर्ड आहेत सगळे, पण ते येस सर निस्तरता निस्तरता आमच्या क्यूए हेडचा घसा बसला.

इथे एक गोष्ट क्लिअर करते कारण बऱ्याच कंपन्यांत एचआरवाले उगाच घाबरवतात. ऑपरेटरला इंग्लिश आलंच पाहिजे असं औषधाच्या कुठल्याही नियमात मी वाचलेलं नाही. अमेरिकेचा जो नियम आहे, २१ सीएफआर २११, त्याच्या २११.२५ मध्ये एवढंच म्हटलंय की माणसाकडे त्याला दिलेलं काम करण्यापुरतं शिक्षण, ट्रेनिंग, अनुभव असला पाहिजे आणि ट्रेनिंग चालू राहिलं पाहिजे. ऑपरेटर मराठीत बोलला आणि बाजूच्या ऑफिसरने इंग्लिशमध्ये सांगितलं तर चालतं, आमच्याकडे चालवलंय. त्यामुळे "इंग्लिश नाही तर प्लांट बंद पडेल" असं कोणी व्हेंडर सांगत असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा. खरा प्रॉब्लेम लिहिण्याचा आहे. एसओपी, म्हणजे काम कसं करायचं त्याची लेखी पद्धत, ती इंग्लिशमध्ये, बॅच रेकॉर्ड इंग्लिशमध्ये, लॉगबुक इंग्लिशमध्ये, आणि हे रोज, प्रत्येक शिफ्टला. ऑडिटर वर्षात कधीतरी येतो, लॉगबुक रोज सकाळी सातला उघडतं.

आमची माणसं कुठली तर निम्मी कोकणातली, रत्नागिरी-सिंधुदुर्ग, काही घाटावरची, मग यूपी-बिहारकडची, थोडे ओडिशाचे, पॅकिंगमध्ये बायका जास्त, विरार-नालासोपारा आणि इकडे कळवा-डोंबिवलीहून येणाऱ्या. मराठी मीडियमवाल्यांमध्ये पण दोन जाती आहेत. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्लिश २००० सालापासून आलं, त्याच्या आधीचे सगळे पाचवीपासूनवाले. मला वाटायचं की तरुण पोरं पुढे असतील, तर तसं काही नाही, व्हॉट्सॲपवर बिनधास्त लिहितील पण तोंड उघडायची वेळ आली की पाचवीवाले काका आणि पहिलीवाला पोरगा दोघंही माझ्याकडेच बघतात.

मग कोटेशन मागवली. एका मोठ्या ब्रँडवाल्याने पन्नास स्लाइड्स दाखवल्या आणि सांगितलं की ४० तासांत सगळ्यांना बी-वनला आणतो. हे ए-वन, ए-टू, बी-वन म्हणजे युरोपची जी लेव्हलची फूटपट्टी आहे, २००१ साली कौन्सिल ऑफ युरोपने काढलेली, ए-वनपासून सी-टूपर्यंत सहा पायऱ्या, ती. आता यात इंग्लिशच्या परीक्षा घेणाऱ्या केंब्रिजवाल्यांचा स्वतःचा अंदाज असा आहे की एकदम शून्यापासून धरलं तर ए-टूला साधारण १८० ते २०० तास शिकवणं लागतं आणि बी-वनला ३५० ते ४००. म्हणजे ए-टू वरून बी-वनला जायलाच दीडशेच्या वर तास. आणि हे साहेब चाळीसमध्ये आणणार, ते पण नाइट शिफ्ट करून आलेल्या माणसाला. मी हे विचारल्यावर म्हणाले की आमची मेथड वेगळी आहे. बरं.

दुसऱ्या एकाने पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट फुकट देतो म्हणून सांगितलं, हँडशेक कसा करायचा वगैरे. आमच्या फ्लोअरवर ग्लोव्ह घातल्यावर कोणाशी हात मिळवायचा नसतो, दाराच्या हँडलला हात लागला तरी सॅनिटाइज करावं लागतं, त्यामुळे तो पण कटला.

जी संस्था शेवटी घेतली त्यांच्याकडून एक मॅडम आल्या, पन्नाशीच्या असतील, कॉटनची साडी, खांद्याला झोळी. त्यांनी लॅपटॉप उघडलाच नाही. म्हणाल्या, आधी मला खाली नेऊन दाखवा माणसं काय काम करतात, मग मी सांगते काय शिकवायचं आणि किती तास लागतील, आणि कदाचित सगळ्यांना लागणार पण नाही. कोर्स विकायला आलेल्या माणसाच्या तोंडून "सगळ्यांना लागणार नाही" हे ऐकून आमच्या परचेसवाल्याने पहिल्यांदा मान वर केली.

खाली न्यायचं म्हणजे सोपं नाही. गाऊनिंग, शू कव्हर, हेअर कॅप, अंगठी-बांगड्या काढायच्या, मोबाइल बाहेर. आणि वही पण बाहेर, कारण प्रॉडक्शन एरियात सुटा कागद न्यायचाच नाही, जे लिहायचं ते क्यूएने इश्यू केलेल्या नंबरवाल्या कागदावरच, नाहीतर उद्या कोणी चिठोऱ्यावर रीडिंग लिहून नंतर रेकॉर्डमध्ये उतरवेल आणि तोच डेटा इंटिग्रिटीचा, म्हणजे नोंदींच्या खरेपणाचा लफडा होतो. मॅडमची झोळी दारातच अडकली. वैतागतील असं वाटलं, पण त्या म्हणाल्या ठीक आहे, डोळ्यांनी बघते. दोन-तीन शिफ्ट त्या नुसत्या उभ्या राहिल्या, एकदा तर सेकंड शिफ्टला रात्री बारापर्यंत थांबल्या हँडओव्हर बघायला. बाहेर आल्यावर बाकावर बसून भराभरा लिहायच्या. मग आमच्याकडून भरलेल्या लॉगबुकच्या झेरॉक्स मागितल्या, प्रॉडक्टची नावं झाकून दिल्या, गोपनीयतेच्या कागदावर सही घेतली, आणि दहा-बारा लोकांशी त्या बोलल्या, ऑपरेटर, सुपरवायझर, स्टोअरचा एक, आणि मुद्दाम एक असा माणूस ज्याला कोर्स नकोच होता.

यानंतर जो रिपोर्ट आला तो चार पानांचा होता आणि मी आजवर कुठल्याही व्हेंडरचा वाचलेला सगळ्यात कामाचा. त्यात लिहिलेलं की फ्लोअरवर वापरायचे शब्द लोकांना सगळे येतात, फॉइल, ब्लिस्टर, चेंज पार्ट (प्रॉडक्ट बदललं की मशीनचे बदलायचे भाग), रिजेक्शन, लाइन क्लिअरन्स (आधीच्या बॅचचं काही उरलं नाही ना ते तपासणं), ते शिकवण्यात पैसे घालू नका. अडतंय ते वाक्यात, त्यातही तीन ठिकाणी. शिफ्ट हँडओव्हर, लॉगबुकमध्ये चूक दुरुस्त करताना कारण लिहिणं, आणि प्रश्न कळला नाही तर परत विचारणं. बस. आणि बाजूला वेगळा कॉलम होता की लोकांना स्वतःला काय हवंय, तो वाचून मी जरा थांबले. पॅकिंगच्या बऱ्याच तायांना मुलांच्या शाळेची डायरी वाचता यायला हवी होती. मुलं इंग्लिश मीडियमला, डायरीत टीचर लिहिते, आणि आई शेजारणीकडे जाते वाचून घ्यायला. प्लांट हेड म्हणाले याचा आपल्या कामाशी काय संबंध. मॅडमनी सांगितलं की प्रत्येक क्लासची शेवटची दहा मिनिटं मी याला देणार, नाहीतर लोक तुमच्यासाठी येतील, स्वतःसाठी येणार नाहीत. ती दहा मिनिटं मंजूर करायला दोन मीटिंग लागल्या, आणि हजेरी टिकली ती त्या दहा मिनिटांमुळेच, हे मी लिहून देते.

कोर्स ६० तासांचा ठरला, बॅचला जास्तीत जास्त चौदा जण. बॅचेस लेव्हलप्रमाणे नाही, कामाप्रमाणे पाडल्या, हे मला आधी विचित्र वाटलेलं. पॅकिंग आणि मॅन्युफॅक्चरिंगवाले एकत्र, स्टोअर आणि इंजिनिअरिंगवाले एकत्र, आणि ईमेल आणि डेविएशन (ठरलेल्या पद्धतीपेक्षा वेगळं काही झालं तर त्याचा रिपोर्ट) लिहिणारे ऑफिसर वेगळे. सुरुवातीला पेपर नाही, प्रत्येकाशी पाच मिनिटं गप्पा, तुमचं मशीन मला समजवा, पाहिजे तर हिंदीत सुरू करा. पेपर दिला असता तर अर्धे लोक त्याच दिवशी पळाले असते, दहावीच्या इंग्लिशच्या पेपरची भीती माणसाच्या पोटातून कधी जात नाही.

आता शिकवण्याबद्दल, कारण स्टार मिळालेत ते इथले. या मॅडम आधी बरीच वर्षं मर्चंट नेव्हीवाल्या पोरांना शिकवायच्या. मला माहीत नव्हतं पण जहाजावर इंग्लिशची ठरलेली वाक्यंच असतात, स्टँडर्ड मरीन कम्युनिकेशन फ्रेजेस म्हणतात त्याला, आयएमओने, म्हणजे जहाजवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००१ मध्ये मंजूर केलेली. कारण कॅप्टन एका देशाचा, खलाशी दुसऱ्या देशाचा, तिथे व्याकरण कोण बघणार, एका अर्थाचं एकच वाक्य पाहिजे. आणि सुकाणूवर जो असतो त्याने मिळालेली ऑर्डर मोठ्याने परत म्हणायची, म्हणजे ऐकण्यात घोळ झाला असेल तर तिथेच कळतो. विमानवाल्यांचं पण तसंच, पायलट आणि कंट्रोलवाले, त्यांना तर आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २००८ पासून आयकाओची, म्हणजे विमानवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, इंग्लिशची लेव्हल चार लागतेच. मॅडमनी तोच प्रकार आमच्या हँडओव्हरला लावला. जाणाऱ्याने ठरलेल्या क्रमाने सांगायचं, मशीन चालू की बंद, बॅच कुठली, किती शिपर (माल भरलेले मोठे खोके) झाले, काय अडलं, काय बाकी आहे, आणि येणाऱ्याने ते परत म्हणून दाखवायचं. वाक्यं इतकी छोटी की पाचवीवाले काका आणि बिहारचा नवीन पोरगा एकाच दिवसात बोलायला लागले. पहिले काही दिवस लोक हसायचे, पोपटपंची म्हणायचे. मग एका रात्री परत म्हणताना कळलं की चेंज पार्टचा नंबर चुकीचा ऐकला गेलाय. त्यानंतर हसायचे बंद झाले.

लॉगबुकचं सांगते, औषधाच्या लाइनीतल्या लोकांना यात जास्त इंटरेस्ट असेल. आमच्याकडे चूक झाली तर खोडरबर नाही, व्हाइटनर नाही, एक आडवी रेघ अशी मारायची की खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला बरोबर आकडा, सही, तारीख आणि कारण. हे सगळ्यांना पाठ आहे. अल्कोआ विचारा, म्हणजे कोणी लिहिलं ते कळावं, वाचता यावं, त्याच वेळी लिहावं, मूळ असावं, बरोबर असावं, झोपेत सांगतील. पण कारणाच्या जागी वर्षानुवर्षं एकच, "राँग एन्ट्री". सगळीकडे राँग एन्ट्री. अरे पण राँग का झाली? मॅडमनी त्या झेरॉक्स भिंतीवर लावल्या आणि प्रत्येकाला मराठीत किंवा हिंदीत विचारलं की त्या दिवशी खरं काय झालेलं. मग बाहेर यायला लागलं, मागच्या बॅचचा नंबर लिहिला, रीडिंग शेजारच्या कॉलममध्ये गेलं, रात्री बारानंतर तारीख बदलायची राहिली. या पाच-सहा कारणांचीच वाक्यं शिकवली, तीच लिहून घेतली, परत परत. आज लॉगबुक उघडलं की कारणाच्या जागी कारण दिसतं. स्पेलिंग चुकलेलं असतं कधी कधी, चालतं, वाचता येतं. आणि क्यूएच्या दृष्टीने यातला खरा फायदा वेगळाच निघाला. तारीख बदलायची राहते हे इतक्या जणांनी लिहिल्यावर आम्ही रात्रीच्या शिफ्टच्या पानाचा फॉरमॅटच बदलला. म्हणजे कारणं आधी पण तीच होती, लिहिता येत नव्हती म्हणून आमच्यापर्यंत पोचत नव्हती.

ऑडिटरचा रोल प्ले मॅडम स्वतः करायच्या, चष्मा नाकावर आणून, आणि जाम कडक. पहिला धडा काय तर येस सर म्हणायचं नाही. प्रश्न कळला नाही तर "सॉरी सर, प्लीज रिपीट", अजून नाही कळला तर "कॅन आय आन्सर इन मराठी", माहीत नसेल तर अंदाज मारायचा नाही, "आय विल चेक द एसओपी" म्हणायचं आणि खरंच एसओपी उघडून दाखवायची. कुठल्याही चांगल्या ऑडिटरला हेच उत्तर आवडतं, पाठ केलेल्या भाषणापेक्षा. आमचे एक सावंतवाडीचे काका आहेत, रिटायरमेंटला आलेले, ते प्रत्येक वेळी छाती काढून "कॅन आय आन्सर इन मराठी" एवढं एकच वाक्य खणखणीत म्हणायचे आणि पुढे मालवणी टोनमध्ये सुरू व्हायचे, सगळा वर्ग टाळ्या वाजवायचा. मला विचाराल तर त्यांचं एवढं जरी झालं तरी पैसे वसूल.

टायमिंगबद्दल थोडं, कारण बाहेरून कोर्स घेणारे सगळे इथेच आपटतात. मॅनेजमेंटने पहिल्यांदा ठरवलं की शिफ्ट सुटल्यावर क्लास, साडेतीन ते पाच. कागदावर मस्त. पण साडेतीनला सुटलेला माणूस मरोळ नाक्याहून मेट्रो पकडून घाटकोपर आणि पुढे कल्याणकडची गाडी, नाहीतर अंधेरीला येऊन विरार, त्याला पाचला सोडलं तर तो ऐन गर्दीत सापडतो, पाचच्या नंतरची विरार फास्ट काय असते ते सांगायला नको. आणि बायकांचं तर घरी जाऊन पाणी भरायचं असतं, नळाची वेळ क्लाससाठी थांबत नाही. तिसऱ्या आठवड्यात अर्धी बॅच उरली. मग मॅडमनी सरळ सांगितलं की हे कामाचं ट्रेनिंग आहे तर कामाच्या वेळेत घ्या. शेवटी अडीच ते साडेतीन, जेव्हा दोन्ही शिफ्टची माणसं आत असतात आणि येणारे जरा लवकर आले तर लाइन सांभाळू शकतात. त्या लवकर येण्याचे पैसे कंपनी देते. हे मान्य करून घ्यायला फायनान्सशी जे काय बोलावं लागलं ते लिहीत नाही. सुपरवायझर लोक तरी अडवायचेच, आज माल काढायचाय, उद्या पाठवतो. प्लांट हेड स्वतः दोनदा मागच्या बाकावर येऊन बसले, तेव्हा कुठे माणसं सुटायला लागली.

आणि कॅलेंडर बघा रे बाबांनो. व्हेंडरला काय, तो म्हणेल जुलैला सुरू करू. जुलैमध्ये कुर्ल्याला ट्रॅकवर पाणी भरलं की अर्धा वर्ग घरी. त्यानंतर गणपती, आमचा कोकणवाला ऑपरेटर पगार कापला तरी गावी जाणार, आणि ती रेल्वेची तिकिटं त्याने दोन महिने आधी काढलेली असतात, तुमच्या कोर्सची तारीख बघून नाही. मे महिन्यात गाव आणि लग्नं. प्रत्येक महिन्याचा शेवटचा आठवडा डिस्पॅचचा, तेव्हा क्लास ठेवायचाच नाही. मुंबईत असा कोर्स करायचा तर दिवाळी झाली की सुरू करून होळीच्या आत संपवायचा, याला दुसरा उपाय मला तरी दिसत नाही.

बरं, आता तक्रारी. ॲप. प्रत्येक माणशी वेगळे पैसे लावून ॲप दिलं, त्यात एक मिस्टर स्मिथ एअरपोर्टला जातो, हॉटेलात सूप मागवतो, आणि आपण रिकाम्या जागा भरायच्या. आमच्या माणसाचा एअरपोर्टशी संबंध एवढाच की विमानं डोक्यावरून जातात. फ्लोअरवर फोन न्यायचा नाही, ट्रेनमध्ये उभं राहायला जागा नाही, घरी फोन पोरांच्या हातात. कोणी उघडलंच नाही. मॅडमना स्वतःला पण ॲप आवडत नव्हतं हे चेहऱ्यावर दिसायचं पण ऑफिसने बंडल करून विकलं होतं.

मधे दोन आठवडे मॅडम आजारी होत्या तर एक तरुण सर पाठवले, त्यांनी मॅडमचा रिपोर्ट वाचलाच नव्हता. आल्या आल्या जीभ दाताखाली धरून "थ" कसा काढायचा, ओठ कसे गोल करायचे. आमच्या तायांनी आधी सहन केलं, मग एकीने विचारलं, सर, आम्ही कोणाला "थ" म्हणून दाखवायचाय? गप्प बसले. असा बदली माणूस आला तर त्याला फ्लोअर दाखवल्याशिवाय वर्गात सोडू नये.

पोस्टरची गंमत वेगळी, त्यात व्हेंडरपेक्षा आम्हीच. मॅडमनी हँडओव्हरची वाक्यं लिहून एक छान मोठं पोस्टर केलं, मराठी-हिंदी-इंग्लिश, पण फ्लोअरवर लावायचं तर त्याला डॉक्युमेंट नंबर पाहिजे, रिव्हिजन नंबर पाहिजे, तीन सह्या पाहिजेत. ते मंजूर होईपर्यंत लोकांची वाक्यं पाठ झाली होती.

शेवटचा रिपोर्ट मात्र वाया गेलेला कागद. सुरुवातीचा चार पानी रिपोर्ट मॅडमचा होता, हा ऑफिसने केलेला, रंगीत पाय चार्ट, लोकांना कोर्स आवडला का, हसरा चेहरा, रडका चेहरा. आणि एक एमसीक्यू टेस्ट, सुरुवातीची आणि शेवटची तीच, मग मार्क वाढणारच की. ट्रेनिंगमध्ये कर्कपॅट्रिकच्या चार पायऱ्या सगळ्यांना शिकवतात, १९५९ पासूनच्या आहेत, आवडलं का, शिकलं का, कामात वापरतात का, आणि त्याने धंद्यात काय फरक पडला. हे लोक पहिल्या दोन पायऱ्यांवर बिल फाडून मोकळे. तिसरी आम्ही स्वतः बघतोय, महिन्याच्या लॉगबुक रिव्ह्यूमध्ये दुरुस्तीची कारणं वेगळी वाचतो, आणि कधी कधी मी हँडओव्हरच्या वेळी कोपऱ्यात जाऊन उभी राहते. पॅकिंगमध्ये टिकलंय. मॅन्युफॅक्चरिंगच्या नाइट शिफ्टला ढेपाळलंय, तिथला सुपरवायझर स्वतः परत म्हणत नाही तर खालचे कशाला म्हणतील.

सर्टिफिकेटवर मात्र मी हसणार नाही. मला तो गोल्डन बॉर्डरचा कागद फालतू वाटलेला, पण वाटप झालं तेव्हा लोकांनी घरून कपडे आणून बदलले आणि फोटो काढले. असू दे.

पैशाचं म्हणाल तर तासाला दोन ते अडीच हजारांच्या मधे पडलं, वर १८ टक्के जीएसटी, फ्लोअर बघण्याचे आणि रिपोर्टचे वेगळे. ते वेगळे पैसे बघून परचेसवाले कापायला बसतात, तेवढं कापू देऊ नका, बाकी काय ते कापा. आणि एक क्लॉज नीट वाचा, कॅन्सलेशनचा. चोवीस तास आधी कळवलं नाही तर क्लासचे पूर्ण पैसे. पावसाने ट्रेन बंद पडल्या त्या दिवशी मॅडम पण पोचू शकल्या नाहीत, आमची माणसं पण नाहीत, तरी ऑफिसने बिल पाठवलं. भांडून निम्मं माफ करून घेतलं.

ज्यांच्याकडे फक्त ऑफिस स्टाफ आहे, ईमेल, मीटिंग, प्रेझेंटेशन, त्यांनी ही संस्था घ्यावीच असं नाही, ऑफिसरवाली बॅच ठीकठाक झाली, तसं शिकवणारे बरेच मिळतील. हॉटेल, हॉस्पिटल, गोदाम, फॅक्टरी, जिथे हाताने काम चालतं आणि बोलायला मिनिटभरच मिळतो तिथे मात्र अशीच कोणीतरी शोधा जी आधी येऊन उभी राहील. आणि कोर्स घेतला म्हणून मराठी-हिंदी एसओपीचं काम थांबवू नका, आमच्याकडे एकाने तसं सुचवलेलं. सफाईची एसओपी माणसाला त्याच्या भाषेत कळलीच पाहिजे, इंग्लिश येवो न येवो.

आमची पुढची बॅच दिवाळीनंतर आहे, स्टोअर आणि इंजिनिअरिंगची. तीच संस्था, पण पीओ, म्हणजे परचेस ऑर्डर, नवीन केलाय. ॲपची लाइन उडवली, मॅडमचं नाव पीओमध्ये टाकलं, बदली सर आले तर एक शिफ्ट फ्लोअरवर बिनपैशाची, आणि लोकल बंद तर क्लास बंद, बिल पण बंद. त्यांच्या ऑफिसने बदली सरांच्या अटीवर कुरकुर केली, बाकी सही झाली.